टपावरचा पेढ्यांचा पुडा आणि इतर प्रश्न

मागील अंकात एका वाचकाने कळवले होते की, आपल्या स्पोर्ट्स कारच्या टपावर ठेवलेला चष्मा त्यांनी नकळत दादरहून वरळीपर्यंत नेला, आणि असे इतरांच्याही बाबतीत घडते का, असे विचारले होते. त्यावर एवढी पत्रे आली की या महिन्याचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. नाव छापू नये अशी बहुतेकांची विनंती होती. ती सर्वांच्याच बाबतीत पाळली आहे.

प्रश्न : माझे यजमान सत्तावन्न वर्षांचे आहेत. बावीस वर्षे त्यांनी साधी हॅचबॅक चालवली आणि त्या काळात त्यांनी गाडीवर कधी काही विसरल्याचे मला आठवत नाही. चार महिन्यांपूर्वी त्यांनी आयुष्यभराची हौस म्हणून वापरलेली, पण उत्तम स्थितीतील, लाल रंगाची दोन आसनी स्पोर्ट्स कार घेतली. तेव्हापासून माझ्या आईने दिलेला थालीपिठांचा डबा, त्यांचा वाचनाचा चष्मा आणि माझी छत्री अशा तीन वस्तू टपावरून गेल्या. गेल्या मंगळवारी सिद्धिविनायकाचे दर्शन घेऊन निघालो, तेव्हा पेढ्यांचा पुडा आणि त्यावर ठेवलेला हार तसाच टपावर राहिला. प्रभादेवीपासून माहीमपर्यंत स्कूटरवाले बोट दाखवत होते, फुटपाथवरची मुले ओरडत होती, एका टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. लोक गाडीचे कौतुक करत आहेत असे समजून यजमान प्रत्येकाला हात करत होते आणि मीही हसून मान डोलावत होते. माहीमच्या सिग्नलला एका गजरेवालीने काचेवर टकटक केले आणि म्हणाली, ''ओ दादा, टपावर प्रसाद हाय तुमचा.'' पेढे जागेवर होते. हार मागच्या स्पॉयलरला, म्हणजे डिकीवरच्या पंखासारख्या पट्टीला, अडकून राहिला होता. आम्ही पोट धरून हसलो. पण माझ्या सासऱ्यांना उतारवयात स्मृतिभ्रंश झाला होता, त्यामुळे रात्री मला झोप लागली नाही. ही त्याचीच सुरुवात तर नसेल? (वाचक भगिनी, शिवाजी पार्क)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ आपण सहज लिहून गेला आहात : बावीस वर्षे हॅचबॅक होती, तेव्हा असे कधी झाले नाही. माणूस तोच आहे, शहर तेच आहे, बदलली ती गाडी. म्हणून आधी गाडीकडेच पाहू.

साध्या हॅचबॅकची उंची दीडशे सेंटिमीटरच्या वर असते. तिचा टप मध्यम उंचीच्या माणसाच्या खांद्याच्याही वर येतो आणि तिथे वस्तू ठेवायची तर हात मुद्दाम वर करावा लागतो. पोर्शे ९११ साधारण १३० सेंटिमीटर उंच आहे, लॅम्बोर्गिनी हुराकान तर ११७ सेंटिमीटरच्या आसपास. फोर्ड जीटी ४० या शर्यतीच्या गाडीच्या नावातील चाळीस हा आकडा तिच्या चाळीस इंच उंचीवरूनच आला. म्हणजे स्पोर्ट्स कारचा टप उभ्या माणसाच्या कोपराच्या आणि खांद्याच्या मध्ये येतो, जिथे आपल्या घरात फळी किंवा शोकेस असते. हातातली वस्तू तिथे टेकवताना आपण काही वेगळे करत आहोत, असे हाताला जाणवतही नाही.

त्यातच या गाड्यांमध्ये बसणे हेच एक काम असते. आसन जमिनीलगत, दरवाजा लांब आणि शेजारी दुसरी गाडी लागलेली. अशा वेळी दाराच्या चौकटीला धरून, पाठ वाकवून, आधी एक पाय आत घालून बसावे लागते आणि त्यासाठी दोन्ही हात मोकळे असावे लागतात. सामानाला जागाही थोडी असते. ९११ मध्ये इंजिन मागे असल्यामुळे डिकी पुढे आहे आणि तीही सुमारे १३० लिटरची. वर्षानुवर्षे मागची डिकी उघडण्याची सवय असलेला माणूस क्षणभर थबकतो, हातातले सामान टपावर टेकवतो, किल्ली काढतो आणि आत बसतो. एकदा तो बसला की टप त्याच्या डोक्यावर असतो. मग समोरच्या काचेतून किंवा कोणत्याही आरशातून त्यावरची वस्तू दिसण्याचा संभव नसतो.

मानसशास्त्रात या प्रकारच्या विसरण्याचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. मुख्य काम पार पडले की त्याला जोडलेले शेवटचे छोटे काम मनातून निसटते. झेरॉक्स काढून झाल्यावर मूळ कागद यंत्रातच राहतो, पैसे हातात पडल्यावर कार्ड एटीएममध्ये राहते. म्हणूनच अनेक एटीएम आधी कार्ड परत देतात आणि नंतर पैसे. गाडीत बसणे हे मुख्य काम झाले आणि टपावरचा पुडा उचलणे हे शेवटचे काम राहिले. हे तरुणांचेही होते, अत्यंत दक्ष माणसांचेही होते आणि बहुधा घाईत किंवा आनंदात होते. आपले यजमान त्या दिवशी दोन्हींत होते, असे पत्रावरून वाटते.

आता आपल्या खऱ्या काळजीविषयी. स्मृतिभ्रंशात जे दिसते ते निराळे असते : तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, ओळखीच्या भागात रस्ता चुकणे, वर्षानुवर्षे हातात असलेले बँकेचे किंवा स्वयंपाकघरातले काम अडणे, आणि हरवलेल्या वस्तूचा माग मनात मागे मागे जाऊन काढता न येणे. गजरेवालीने सांगताक्षणी आपल्या यजमानांना ''हो, किल्ली काढताना मीच तिथे ठेवला'' हे आठवले का? आठवले असेल, तर तो चांगला संकेत समजावा. वरच्यापैकी काही दिसत असेल, किंवा केवळ आपल्या मनाला स्वस्थता वाटावी म्हणूनही, त्यांना एकदा कुटुंबाच्या डॉक्टरांकडे नेण्यात काही गैर नाही. कुटुंबात तसा इतिहास असताना आलेली काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु केवळ टपावरच्या वस्तूंवरून त्यांच्यावर विसराळूपणाचा शिक्का मारू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. घरातल्या माणसांनी रोज तसे म्हटले की मनुष्य स्वतःवरच संशय घेऊ लागतो.

हात करण्याच्या गोष्टीकडे मी मुद्दाम परत येतो, कारण स्पोर्ट्स कारची खरी अडचण तीच आहे. साध्या गाडीच्या चालकाला कोणी बोट दाखवले तर तो लगेच दचकतो : चाक बसले का, दार उघडे आहे का? लाल रंगाच्या, खाली बसक्या गाडीला मुंबईत रोजच माना वळतात, फोन वर होतात, मुले ओरडतात. त्यामुळे सूचना आणि कौतुक यांतला फरक चालकाला कळेनासा होतो. पूर्वी टोलनाक्यावर खिडकीतला माणूस तरी सांगत असे. आता फास्टॅगमुळे तिथे कोणाशी बोलणे होत नाही आणि ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर लहान मोटारींना टोलही नाही. म्हणून एक नियम आपण दोघांनी करावा. कौतुक करणारा माणूस गाडीकडे पाहतो. सांगू पाहणारा चालकाच्या डोळ्यांकडे पाहतो आणि बोट वर करतो. बोट वर दिसले की हात न करता सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी.

आणि एक बदल घरातल्या घरात करता येईल. हातातली वस्तू ठेवायचीच असेल तर दार उघडून ती चालकाच्या आसनावर ठेवावी. ती उचलल्याशिवाय बसताच येत नाही, त्यामुळे लक्षात ठेवण्याचे काम आसनच करते. सुरुवातीला हात टपाकडेच जाईल. पहिले काही दिवस आपण शेजारी उभे राहून आठवण करावी.

प्रश्न : माझ्या काकांच्या स्पोर्ट्स कारच्या टपावर राहिलेला स्टीलचा जेवणाचा डबा चेंबूरहून ईस्टर्न फ्रीवेने पी. डिमेलो रस्त्यापर्यंत सुखरूप आला आणि तिथल्या सिग्नलला ब्रेक लावताच बॉनेटवर आपटला. एवढ्या वेगात तो न पडता थांबताना का पडला? काका म्हणतात, फ्रीवेवर रहदारीमुळे वेग साठच्या पुढे गेलाच नाही. (महाविद्यालयीन विद्यार्थी, चेंबूर)

उत्तर : फार चांगला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन काढता येते. डब्याला टपावर धरून ठेवते ते केवळ घर्षण. गुळगुळीत रंगावर सपाट बुडाच्या स्टीलच्या डब्यासाठी घर्षणांक अंदाजे ०.३ धरू. याचा अर्थ असा, की गाडीचा वेग वाढण्याचे किंवा कमी होण्याचे प्रमाण गुरुत्वत्वरणाच्या तीन दशांशापेक्षा कमी असेल, तोपर्यंत डबा गाडीबरोबर जाईल.

काकांनी थांबलेल्या गाडीला साठपर्यंत न्यायला दहा सेकंद घेतले असतील तर ते प्रमाण गुरुत्वत्वरणाच्या ०.१७ पट येते. डबा हलण्याचे कारणच नाही. ही गाडी तिच्या पूर्ण ताकदीने पळवली आणि तिने चार सेकंदांत शंभरचा वेग गाठला, तर तेच प्रमाण ०.७ होते आणि डबा पहिल्याच क्षणी मागे राहतो. पण मुंबईच्या रहदारीत स्पोर्ट्स कारही इतर गाड्यांसारखीच हळू निघते. धावत्या गाडीच्या टपावर डबा टिकतो याचे लोकांना आश्चर्य वाटते. मला मात्र वाटते की या शहरात डबे टपावर टिकतात ते या हळू निघण्यामुळेच.

आता वारा. साधारण १२ सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर उंच डब्यावर ताशी साठ किलोमीटर वेगाला येणारा वाऱ्याचा जोर सुमारे १७० ग्रॅम वजनाइतका असतो. भरलेला डबा एक किलोचा असेल तर घर्षण त्याला ३०० ग्रॅमपर्यंत धरून ठेवते, म्हणून तो राहिला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीला तो ३०० ग्रॅमवर पोचतो, म्हणजे काकांनी मोकळा रस्ता मिळून वेग वाढवला असता तर डबा फ्रीवेवरच मागे पडला असता. टपाच्या वळणामुळे तिथली हवा गाडीच्या वेगापेक्षाही जलद वाहते, तेव्हा प्रत्यक्षात तो जरा आधीच गेला असता. तोच डबा रिकामा, दोनशे ग्रॅमचा असता, तर पस्तीस-चाळीसच्या वेगालाच गेला असता. सिग्नलला काकांनी जोरात ब्रेक लावला तेव्हा वेग कमी होण्याचे प्रमाण अर्ध्याच्या पुढे गेले असणार. घर्षण तेवढे सांभाळू शकत नाही आणि टपापुढची काच उतरती असल्यामुळे डबा थेट बॉनेटवर आला.

पावसाळ्यात ओल्या टपावर घर्षण आणखी घटते. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवर तर पाण्याचा थेंबही थांबत नाही, तिथे डबा काय थांबणार? तुमच्या डब्याने फक्त बॉनेटला पोचा पडला, हे नशीब समजावे. तो मागे पडला असता आणि मागे दुचाकीवाला असता, तर ही हकिकत हसून सांगण्यासारखी राहिली नसती. हा विषय मी इतक्या गंभीरपणे घेतो त्याचे कारण तेच आहे.

प्रश्न : गाडीची किल्ली मी स्वतःच टपावर ठेवली होती. बटण दाबून गाडी सुरू झाली, अंधेरीहून मरीन ड्राइव्हपर्यंत आली आणि तिथे बंद केल्यावर पुन्हा सुरूच होईना. किल्ली नसताना ती चाललीच कशी? (वाचक, अंधेरी)

उत्तर : बिनकिल्लीच्या म्हणजे बटणाच्या गाडीत इंजिन सुरू होताना किल्ली जवळ आहे का, हे तपासले जाते, टपावर असलेली किल्ली काही वेळा आतच आहे असे गाडीला वाटते. एकदा इंजिन सुरू झाले की नंतर किल्ली दूर गेली तरी गाडी ते बंद करत नाही, केवळ इशारा देते. हे जाणूनबुजून केलेले आहे, कारण धावत्या गाडीचे इंजिन मधेच बंद पडणे अधिक धोक्याचे असते. काट्यांजवळ किल्लीचे चिन्ह दिसले किंवा बीप झाला तर इंजिन बंद न करता गाडी सुरक्षित जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा आणि टप, काचेखालचा वायपरचा खळगा व मागचा स्पॉयलर पाहावा. स्पोर्ट्स कारच्या वायपरच्या खळग्यात किल्ल्या सापडल्याची तीन पत्रे माझ्यासमोर आहेत. तिथेही नसेल तर इंजिन सुरू ठेवूनच दुसरी किल्ली असेल तिथपर्यंत जावे.

प्रश्न : माझा फोन टपावरून किनारी रस्त्यावर पडला. दुसऱ्या फोनवर त्याची जागा हाजी अलीजवळ दिसते आहे. यजमान परत जाऊन, गाडी कडेला लावून शोधू म्हणतात. (वाचक भगिनी, मालाड)

उत्तर : त्यांना जाऊ देऊ नये. त्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, म्हणजे गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. तिथे पायी उतरलेल्या माणसाला पाहून थांबायला मागच्या चालकाला वेळच मिळत नाही. वरळी-वांद्रे सागरी सेतूलाही हेच लागू आहे. दुसऱ्या फोनवरून आपला फोन लॉक करावा, सिम बंद करून घ्यावे, पोलिसांकडे हरवल्याची नोंद करावी आणि केंद्र सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर आयएमईआय क्रमांक देऊन फोन अडवावा. हा क्रमांक खोक्यावर आणि बिलावर असतो. फोन बहुधा चाकाखाली गेलेलाच असतो, पण आपली बँक आणि छायाचित्रे त्यात आहेत, म्हणून उशीर करू नये.

प्रश्न : मी पार्सल पोचवण्याचे काम करतो. माहीम कॉजवेवर एका पिवळ्या स्पोर्ट्स कारच्या टपावरून चामड्याचा पाऊच पडला, तो मी उचलला. गाडी निघून गेली. आत रोख रक्कम आणि कागद आहेत. मी काय करावे? लोक म्हणतात, पोलिसांकडे गेलास तर तूच अडकशील. (वाचक, धारावी)

उत्तर : आपण विचारलेत, याबद्दल मला आपला आदर वाटतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो त्याच्यावर, दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. कलम १६८ प्रमाणे मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर ते मागण्याचा हक्कही सापडणाऱ्याला आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात जावे, आतील वस्तू समोर मोजून लिहून घ्याव्यात आणि पोचपावती मागावी. सोबत एखादा सहकारी न्यावा. कागदांवर पत्ता किंवा फोन असेल तर तोही पोलिसांसमोरच वापरावा. लवकर जाण्यातच आपले संरक्षण आहे.

अशी वस्तू वेळेवर परत न मिळाल्यास काय होते याचे एक उदाहरण सांगतो. लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठाच्या मालकीचे, १७३२ साली घडवलेले एक स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे इटलीतील नामांकित कारागिराच्या हातचे अत्यंत मौल्यवान, व्हायोलिन १९६७ मध्ये एका वादकाकडून हरवले. ते मोटारीच्या टपावर राहून पडले की गाडीतून चोरीला गेले, हे त्याला स्वतःलाही कधी सांगता आले नाही. ते कोणालातरी रस्त्याच्या कडेला सापडल्याचे पुढे सांगण्यात आले. १९९४ मध्ये ते उजेडात आले आणि विद्यापीठाकडे परत येईपर्यंत १९९५ साल संपत आले होते. तोवर तो वादक आयुष्यभर त्या एका क्षणाचा विचार करत राहिला असेल, असे मला नेहमी वाटते. आपल्या पाऊचचा मालकही आज रात्री तेच करत असेल.

प्रश्न : बाटलीला आणि डब्याला खाली लोहचुंबक लावले तर? (वाचक, बोरिवली)

उत्तर : उपयोग होईलच असे नाही. पुष्कळ स्पोर्ट्स कारचे टप ॲल्युमिनियमचे किंवा कार्बन फायबरचे असतात, त्यांना चुंबक चिकटतच नाही. पोलादी टपावर चिकटले तरी सरकताना रंगावर चरे पडतील.

प्रश्न : मी पंचवीस वर्षे पद्मिनी टॅक्सी चालवली. आमच्या टपावर कॅरियर असायचा, सामान दोरीने बांधायचो आणि उतरवताना मोजायचो. एक पेटीही कधी पडली नाही. आता मी मलबार हिलच्या एका साहेबांकडे चालक आहे. गाडी ते स्वतः चालवतात, मी आणून उभी करतो. ते बोलत बोलत कॉफीचा कप, फाइल, कधी चपलेची पिशवी टपावर ठेवतात आणि निघतात. दोनदा मी धावत जाऊन सांगितले, तेव्हा पाहुण्यांसमोर त्यांना ओशाळल्यासारखे झाले. मी कसे सांगावे? (वाचक, गिरगाव)

उत्तर : पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, पण तुमची सामान मोजण्याची सवय साहेबांच्या उपयोगाची आहे. वस्तू राहिल्यावर सांगितले की ती चूक दाखवल्यासारखी होते. म्हणून टपावर काही असो वा नसो, दर वेळी गाडी ताब्यात देताना एक फेरी मारावी, टपावर हात फिरवावा आणि ''साहेब, टप मोकळा आहे'' एवढेच म्हणून दार उघडून धरावे. पाहुण्यांना तो तुमच्या कामाचाच भाग वाटेल. कप किंवा फाइल असेल तर न बोलता उचलून त्यांच्या हातात द्यावी आणि मगच ते वाक्य म्हणावे. दार त्यांच्या बाजूचे तुम्हीच उघडत असल्याने त्यांचा एक हात मोकळा राहील आणि टपावर काही टेकवण्याची वेळही कमी येईल. पावसात, टप ओला असताना, ही फेरी कधीही चुकवू नये.